हिंगणीतून दिसणारी विधानसभा

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील हिंगणी हे बोरच्या जंगलाच्या तोंडाशी वसलेले गाव आहे. सेलूकडून बोर धरणाकडे आणि व्याघ्र प्रकल्पाच्या प्रवेशद्वाराकडे जाणारा रस्ता याच गावातून जातो. धरण 1965 चे, अभयारण्य 1970 चे आणि व्याघ्र प्रकल्प 2014 चा. गावाच्या जगण्यावर सर्वांत खोल परिणाम करणारे हे तिन्ही निर्णय सरकारी खात्यांनी घेतले आणि त्यांतला एकही ग्रामपंचायतीच्या हातातला नव्हता. म्हणून आमदाराचे काम नेमके काय, हा प्रश्न अशा गावातून पाहिला तर वेगळा दिसतो. शहरात अर्थ, शिक्षण आणि पर्यावरण हे तीन विषय मानले जातात. हिंगणीच्या शिवारात ते एकाच धुऱ्यावर येऊन भेटतात.

तरी निवडणुकीच्या वेळी आमदाराचा हिशेब मांडला जातो तो बहुधा कामांचा असतो. कोणता रस्ता झाला, कोणत्या गावाला सभामंडप मिळाला, कोणत्या शाळेला संरक्षक भिंत बांधून दिली. यामागे स्थानिक विकास निधी आहे. महाराष्ट्रात तो 2022 पासून आमदारामागे वर्षाला 5 कोटी रुपये झाला. विधानसभेचे 288 आणि विधान परिषदेचे 78 असे 366 सदस्य धरले, तर सगळा मिळून 1,830 कोटी होतो. राज्याचा 2025-26 चा अर्थसंकल्प सात लाख कोटींच्या घरात आहे. म्हणजे ज्या निधीवरून आपण आमदाराची पारख करतो, तो राज्याच्या खर्चाच्या पाव टक्काच आहे. उरलेल्या पैशावर बोलण्याचा, त्याला हरकत घेण्याचा, त्यात कपात सुचवण्याचा अधिकार त्याच आमदाराला सभागृहात आहे. त्याबद्दल त्याला गावात कोणी विचारत नाही. अर्थसंकल्पीय अधिवेशनात कित्येक खात्यांच्या मागण्या चर्चेविना मंजूर होतात, याची बातमी वर्तमानपत्रात कोपऱ्यात येते. कोट्यवधी माणसांच्या वर्षभराच्या जगण्याचा तो निर्णय असतो, तेव्हा ती पहिल्या पानावर यायला हवी.

माझ्या मते आमदाराचे खरे काम एकच आहे. सरकार ज्याला योजना म्हणते, त्याचे लोकांच्या हक्कात रूपांतर करणे, आणि एकदा हक्क झाल्यावर त्याच्यावर पहारा देणे. योजना शासन निर्णयाने येते आणि दुसऱ्या शासन निर्णयाने जाते. कायद्याचे तसे नाही. तो बदलायचा तर सभागृहात उभे राहून, सगळ्यांसमोर बदलावा लागतो.

याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण रोजगार हमीचे. वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातले सर्वोदयी वळणाचे कार्यकर्ते. 1960 पासून 1978 पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीचे पद खरे तर सभागृह चालवण्याचे. पण तासगाव तालुक्यातल्या मजुरांची कामाची मागणी त्यांनी जवळून पाहिली होती, आणि हाताला काम मिळणे हा माणसाचा अधिकार आहे ही गोष्ट त्यांनी तिथल्या छोट्या प्रयोगातून आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्याशी केलेल्या पाठपुराव्यातून पुढे नेली. 1972 च्या दुष्काळाने या कल्पनेची कठोर परीक्षा घेतली. लाखो माणसे खडी फोडायला आणि तलावांच्या कामांवर आली. पुढे 1977 मध्ये रोजगार हमी कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. देशाचा रोजगार हमी कायदा येण्याआधी पाव शतकाहून अधिक काळ हा हक्क महाराष्ट्राच्या मजुराकडे होता.

या कायद्याची आर्थिक बाजू मला त्याच्या हेतूइतकीच महत्त्वाची वाटते. हक्क लिहून ठेवला आणि पैशाची सोय केली नाही, तर तो कागदावरच राहतो. विधिमंडळाने 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला. पगारदार, व्यापारी आणि व्यावसायिक यांच्याकडून येणारा हा पैसा रोजगार हमीसाठी वळवला आणि तेवढीच भर सरकारने घालायची असे ठरले. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा कापल्या जाणाऱ्या थोड्या रुपयांनी विदर्भ-मराठवाड्यातला पाझर तलाव आणि नालाबांध उभा राहिला. याच योजनेला 1990 च्या सुमारास फळबाग लागवडीची जोड मिळाली. ज्या वर्धा जिल्ह्यात आर्वी, कारंजा, आष्टीकडे संत्र्याच्या बागा आहेत, तिथे या जोडीचे मोल वेगळे सांगायला नको. शिवाय दोन्ही सभागृहांची मिळून रोजगार हमी योजना समिती नेमली गेली. आमदारांनी जिल्ह्यात जायचे, हजेरीपट तपासायचे, मजुरी का थकली हे अधिकाऱ्याला समोर बसवून विचारायचे. कायदा, त्याचा पैसा आणि त्याच्यावरची देखरेख या तिन्ही गोष्टी एकाच विधिमंडळाने उभ्या केल्या. आमदाराने काय करावे याचा यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही.

वर्ध्याजवळ याहूनही जुना एक धागा आहे. त्याची आठवण आज फार कमी जणांना आहे. 1937 मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडात लोकांनी निवडून दिलेले सरकार आले. त्याच वर्षी 22 आणि 23 ऑक्टोबरला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते आणि काँग्रेसचे सरकार असलेल्या प्रांतांचे शिक्षणमंत्री समोर बसले होते. त्यातून झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि हस्तोद्योगातून शिक्षण देणारी नई तालीम आकाराला आली. मध्य प्रांतात रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना आणली. गावाने जमीन द्यायची, तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा तिचा गाभा होता. योजनेच्या नावावरून मुस्लिम समाजात तीव्र नाराजी उमटली आणि ती सरकारला वेळीच शमवता आली नाही, ही त्या प्रयोगाची दुखरी बाजू होती.

त्याच सरकारने आणखी एक काम केले. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ चालवणारे जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे प्रांताच्या औद्योगिक पाहणीचे काम सोपवले. कुमारप्पांच्या समितीने कारखान्यांपासून सुरुवात न करता 606 खेडी पाहिली. माणूस काय पिकवतो, काय विकतो, त्याच्या हाती काय उरते, जंगल त्याला काय देते, हे त्यांनी विचारले. जंगलाकडे महसुलाचे साधन म्हणून पाहण्याऐवजी आसपासच्या लोकांच्या गरजांचा आधार म्हणून पाहावे, हा आग्रह त्यांच्या एकूण विचारात ठाम होता. शिक्षण, अर्थ आणि निसर्ग यांचा एकत्र विचार करणारे हे दोन्ही उपक्रम एका निवडून आलेल्या प्रांतिक सरकारच्या छत्राखाली, सेलूच्या शेजारी चालू होते. नोव्हेंबर 1939 मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर सरकारने राजीनामा दिला आणि तो धागा तुटला. स्वातंत्र्यानंतर तिन्ही विषय तीन सचिवांच्या टेबलांवर गेले, आणि अजून तिथेच आहेत.

याची किंमत हिंगणीच्या पंचक्रोशीत कशी मोजावी लागते, ते पाहू. बोरचे मध्यवर्ती क्षेत्र 138 चौरस किलोमीटरच्या आसपास, देशातल्या लहानात लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. एका नर वाघाला लागणारा मुलूख पाहता हे जंगल अपुरेच. त्यामुळे वाघ पेंच, मेळघाट, उमरेड-कऱ्हांडला आणि ताडोबाच्या दिशेने हिंडतो, आणि ती वाट शेतांतून आणि महामार्गांवरून जाते. बोरचा ‘बाजीराव’ नावाचा वाघ डिसेंबर 2017 मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत मेला. रस्ता एका खात्याचा, वाघ दुसऱ्या खात्याचा. पुढे समृद्धी महामार्ग याच सेलू तालुक्यातून गेला. त्यात वन्यप्राण्यांसाठी उन्नत आणि भुयारी मार्गांची तरतूद आराखड्यातच करावी लागली. ती आधीच्या अपघातांतून आलेली शहाणीव होती. आता पवनारपासून गोव्याच्या सीमेपर्यंत शक्तिपीठ महामार्गाचा घाट आहे. त्याची सुरुवातही याच जिल्ह्यातून होते. कोल्हापूर-सांगलीच्या आमदारांनी त्याच्या भूसंपादनाविरुद्ध जेवढा आवाज उठवला, तेवढी चर्चा वर्ध्याच्या टोकाला झाली नाही. रस्ता हवा की नको हे मी इथे ठरवत नाही. पण सुपीक जमीन, पाण्याचे प्रवाह आणि प्राण्यांची वाट यांचे प्रश्न एकाच चर्चेत मांडणे हे आमदाराचे काम आहे, आणि भूसंपादनाची अधिसूचना निघण्याआधी ते करायचे असते.

शेतकऱ्याचा प्रश्न याहून अवघड आहे. पऱ्हाटीला बोंडे लागली, तूर-हरभरा हिरवा झाला की रोही आणि रानडुकरांचे कळप वावरात उतरतात. मग जागल आली. रात्रभर मळ्यात, मचाणावर, हातात टॉर्च आणि डबा वाजवत बसायचे. वाघ, बिबट आणि अस्वलाचा वावर असलेल्या पट्ट्यात ही जागल म्हणजे जीव मुठीत घेऊन केलेली मजुरी आहे, आणि पिकाच्या कोणत्याही हमीभावात तिचा दाम धरलेला नसतो. त्यात कृषिपंपाची वीज आळीपाळीने रात्री येते. वाघाच्या मुलुखात रात्री ओलित करायला लावणारे वेळापत्रक ऊर्जा खात्याच्या दृष्टीने भार व्यवस्थापनाचा भाग असते. वन खात्याच्या दृष्टीने तोच मानव-वन्यजीव संघर्ष, आणि कृषी खात्याच्या कागदावर त्याची नोंदच नाही. सौर कृषिवाहिनी योजना 2017 मध्ये आली, 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. दिवसा वीज देण्याचा हा मार्ग योग्य आहे. माझा आग्रह एवढाच की व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांना दिवसाची वीज हा प्राधान्याचा हक्क व्हावा. या वाहिनीत त्यांना सर्वांत आधी जोडावे आणि तसे नियमात लिहावे. असा नियम वन खाते करू शकत नाही आणि ऊर्जा खात्याला तो सुचत नाही. इथे आमदाराचीच गरज आहे.

असे रूपांतर शक्य आहे, याचा पुरावा अलीकडचाच आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला, जखमी झाला, गुरे मेली, पीक गेले तर मिळणारी भरपाई वर्षानुवर्षे शासन निर्णयांवर चालत होती. 2023 मध्ये विधिमंडळाने तिचा स्वतंत्र कायदा केला आणि रक्कम मुदतीत न मिळाल्यास व्याज देण्याचे त्यात आले. मृताच्या वारसांना मिळणारी रक्कमही याच सुमारास 25 लाखांपर्यंत वाढली. पीक नुकसानीचा पंचनामा, त्याचा दर आणि तो होईपर्यंत लागणारे दिवस यांबाबत शेतकऱ्याची तक्रार आजही ताजी आहे. म्हणून हक्क लिहून झाल्यानंतरचे काम सुरू व्हायला हवे. कायदा झाल्यापासून बोर परिसरातली किती प्रकरणे मुदतीत निघाली, किती जणांना व्याज मिळाले, हा तारांकित प्रश्न वर्ध्याच्या आमदारांनी दर अधिवेशनात लावून धरावा.

जंगल बंद झाले की सर्वांत आधी फटका बसतो तो गुराख्यांना. वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेकडचा हा पट्टा गवळाऊ गाईचा मूळ मुलूख. नंद गवळी आणि गोवारी समाजांचे जगणे या ढोरांवर आणि रानातल्या चराईवर उभे. पांढऱ्या अंगाची, चपळ, बंडी-नांगराला चालणारी ही जात टिकवण्यासाठी कारंजा तालुक्यात हेटीकुंडी येथे सरकारी प्रक्षेत्र आहे. प्रक्षेत्रात वंश टिकतो. वंश टिकवणारा माणूस मात्र चराईवर टिकतो. अभयारण्य, मग व्याघ्र प्रकल्प, मग त्याचे बफर, अशा प्रत्येक पायरीला चराईचे रान आटत गेले. 2006 च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये चराईही येते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवले. बोरच्या काठी मात्र वाघ आणि चराई यांच्यात निवड करायची असल्यासारखी चर्चा होते. खरा प्रश्न कुठे, केव्हा आणि किती ढोरे, हा आहे. तो गावाबरोबर बसून सोडवता येतो.

गोवारींच्या संदर्भात विधिमंडळाने कधीही विसरू नये अशी एक तारीख आहे. 23 नोव्हेंबर 1994. नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू असताना अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी घेऊन हजारो गोवारी आले. रोखलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि 114 जण मेले. त्यांत बायका आणि लेकरे मोठ्या संख्येने होती. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने गोवारी समाजाच्या बाजूने निकाल दिला, डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. नागपुरात अधिवेशन भरते ते 1953 च्या नागपूर करारातल्या शब्दामुळे. विदर्भाचे म्हणणे सरकारने विदर्भात येऊन ऐकावे, हा त्याचा हेतू होता. दरवर्षी ते अधिवेशन थोडक्यात उरकले जाते, तेव्हा त्या 114 जणांचे म्हणणे अजून ऐकून झालेले नाही, हे सभागृहात कोणीतरी बोलले पाहिजे.

प्रादेशिक अनुशेषाचा विषय इथेच येतो. वि. म. दांडेकर समितीने 1984 मध्ये राज्याचा अनुशेष 3,186 कोटी रुपयांवर काढला, त्यात विदर्भाचा वाटा 39 टक्के होता. घटनेच्या 371(2) कलमाखाली 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. 30 एप्रिल 2020 रोजी त्यांची मुदत संपली. 2022 मध्ये मंत्रिमंडळाने पुनरुज्जीवनाचा निर्णय घेतला, पण मधली वर्षे हातची गेली.

शिक्षणाकडे वळू. इथेही कायद्याचा पाया एका सदस्याच्या चिकाटीने घातला होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले, पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात तोच विषय पुन्हा उचलला आणि 1918 मध्ये कायदा करून घेतला. सरकारी बाकावर नसलेल्या सदस्याने हे केले. आज अशासकीय विधेयके शुक्रवारी मांडली जातात आणि बहुतेक मंत्र्यांच्या आश्वासनावर मागे घेतली जातात. ते आश्वासन पुढे पाळले गेले की नाही, हे पाहायला आश्वासन समिती आहे. सदस्यांनी तिला पुरेसे कामाला लावलेले नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत, हा राज्यातला निकष आहे. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आला. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणे दिली गेली. मोठ्या शाळेत जास्त शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान मिळते, हे खरे आहे. परंतु जंगलाकाठच्या टोल्यावरची आठ-दहा मुलांची शाळा बंद झाली, तर मुलांची वाट रानातून जाते. खर्चाचा कागद ते अंतर किलोमीटरमध्ये मोजतो. आई ते पहाट आणि तिन्हीसांजेत मोजते. व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधील शाळांना पटसंख्येचा निकष लावूच नये, हे मी ठामपणे म्हणेन. हा निर्णय शिक्षण खात्याचा असला, तरी त्याचे कारण वन खात्याच्या कॅमेऱ्यात टिपलेले आहे.

सभागृहात या मुलांच्या बाजूने कोण बोलते? विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे सात सदस्य आहेत. पण घटनेच्या 171 व्या कलमानुसार त्या मतदारसंघात माध्यमिक आणि त्यावरच्या संस्थांतले शिक्षकच मतदार असतात. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना तिथे मत नाही. त्यामुळे परिषदेत अनुदान, वेतन आणि निवृत्तिवेतन यांवर तळमळीने चर्चा होते, आणि ती व्हावीच. वाड्या-टोल्यावरच्या चौथीच्या वर्गाचे दुःख मात्र तिथे आपोआप पोहोचत नाही. ते विधानसभेच्या सदस्यालाच न्यावे लागते.

वर्ध्याला सध्या एक विशेष संधी आहे. वर्धा विधानसभा मतदारसंघाने पूर्वी प्रमोद शेंडे यांच्या रूपाने विधानसभेचे उपाध्यक्षपद पाहिले होते. 2014 पासून सलग तीनदा निवडून आलेले पंकज भोयर डिसेंबर 2024 मध्ये राज्यमंत्री झाले. त्यांच्याकडे शालेय शिक्षण, सहकार, गृहनिर्माण, गृह (ग्रामीण) आणि खनिकर्म ही खाती आली आणि जिल्ह्याचे पालकमंत्रिपदही. राज्यमंत्र्याचे अधिकार कॅबिनेट मंत्री देईल तेवढेच असतात, हे लक्षात ठेवायला हवे. पालकमंत्री म्हणून ते जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आहेत, आणि माझ्या दृष्टीने ही खुर्ची अधिक महत्त्वाची. जिल्हा वार्षिक योजनेच्या बैठकीत वन, ऊर्जा, शिक्षण, कृषी आणि बांधकाम यांचे अधिकारी एका टेबलाभोवती बसतात. राज्याच्या रचनेत अशी दुसरी जागा जवळपास नाही. दिवसाची वीज, सौर कुंपण, बफरमधील शाळांची वाहतूक, चराईचे आराखडे यांवर एकाच दिवशी निर्णय व्हायचा असेल तर तो याच बैठकीत होऊ शकतो.

पण या समितीचा गाभा निवडून आलेल्या प्रतिनिधींचा आहे. घटनेच्या 243 झेडडी कलमानुसार तिचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे असतात. 2022 पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले आणि निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. त्या काळात जिल्ह्याच्या योजना मंत्री, आमदार आणि अधिकारी यांनी आखल्या. ज्या खुर्चीवर हिंगणी गटाचा माणूस बसून आमच्या शिवारात रात्री वीज नको म्हणाला असता, ती रिकामी होती. ती भरण्याची निकड विदर्भाच्या 62 आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून सभागृहात एकत्र मांडायला हवी होती. त्या मधल्या वर्षांत समितीने कोणत्या कामांना किती पैसा दिला, त्यात बोरच्या काठच्या गावांचा वाटा किती, याची श्वेतपत्रिका आता तरी त्यांनी मागावी.